काशिनाथला खोली कोणी दिली असती?

अनसिंगच्या आमच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते. वाचन संपले तरी बायामाणसे लगेच उठत नाहीत. सोयाबीनचा भाव, कोणाची सून, कोणाचा पोरगा, असे बराच वेळ चालते. मागच्या वर्षी अशाच एका संध्याकाळी वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने स्वतः लिहिलेले नाटक वाचून दाखवले. भीमजयंतीला बसवायचे होते. नाटकातला बाप दारुडा. शहरातून शिकून आलेला एक तरुण येतो, पाच मिनिटे भाषण देतो, बाप रडतो, बाटली फोडतो आणि पडदा पडतो.

टाळ्या झाल्या. पण माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, ‘‘भाषणानं सुटत असती, तं माह्या नवऱ्याची कवाच सुटली असती.’’

सगळे हसले. मुलगा बिचारा हिरमुसला. पण म्हातारीने मोठा प्रश्न विचारला होता. गोष्टीतला एक माणूस दुसऱ्या माणसाला बदलतो, तो नेमका कशाने? भाषणाने नाही, तर मग कशाने?

दुसऱ्या दिवशी मी बाबुराव बागुलांचे पुस्तक घेऊन गेले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह 1963 साली निघाला. बागुल 1930 साली नाशिकजवळच्या विहितगावात जन्मले, मुंबईच्या कामगार वस्तीत वाढले आणि पोटासाठी त्यांनी मिळेल ते काम केले. संग्रहाच्या नावाचीच कथा मी वाचायला घेतली. बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. नसेल तर थोडक्यात सांगते.

मुंबईचा एक तरुण गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो. राहायला खोली पाहिजे. खोली पाहिजे म्हटले की जात विचारणार. हा सरळ खोटे बोलत नाही, पण खरेही सांगत नाही. मोठमोठे बोलून वेळ मारून नेतो. लोकांना तो आवडतो. तिवारी नावाचा सहकारी तर त्याच्या कवितांवर खूश होऊन त्याला घरी जेवायला बोलावतो. प्रत्येक घासाला याच्या पोटात गोळा. आणि त्याच ठिकाणी काशिनाथ नावाचा दुसरा तरुण आहे. तोही आपल्यातलाच, पण तो लपवत नाही. अपमान केला तर उलटून उभा राहतो, वेळ आली तर चाकू काढतो. शेवटी नायकाचे बिंग फुटते, आदल्या दिवशीपर्यंत प्रेम करणारी माणसे त्याला मारतात, आणि धावून येतो तो काशिनाथच.

कथा संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग म्हातारीच म्हणाली, ‘‘हा काशिनाथ लय तापट हाय.’’ खरे आहे. चाकूचे कौतुक मलाही नाही. पण बागुलांची हुशारी बघा. नायकासमोर त्यांनी एखादा पुढारी किंवा गुरुजी उभा केला नाही. नायकासारखाच, तसाच पोटार्थी माणूस उभा केला. काशिनाथ दिसला की नायकाला आपली भीती दिसते. काशिनाथ काही याला सुधारायला आलेला नाही, त्याला त्याचे स्वतःचे भांडण आहे. त्याचे ते ताठ वागणेच नायकाला टोचते. भाषण ऐकून माणूस मान हलवतो आणि घरी जातो. रोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या माणसापासून कुठे पळणार?

नायक बदलला का? शेवटी मार खाऊनही तो त्या माणसांना दोष देत नाही, मनूने मारले असे म्हणतो. पुढे त्याने काय केले, हे बागुल सांगत नाहीत. पण मी कथेच्या नावातला शेवटचा शब्द त्या मुलाला दाखवला: ‘होती’. जात चोरली होती. म्हणजे आता चोरत नाही. जो माणूस खोलीसाठी गप्प बसला होता, तोच आता सगळ्या जगाला ही गोष्ट सांगतो आहे.

माझा भाचा त्या दिवशी दाराजवळ बसला होता. पुण्याला कंपनीत कामाला आहे, चार दिवसांच्या सुट्टीवर आला होता. घरी जाताना वाटेत म्हणाला, ‘‘आत्या, त्या काशिनाथले खोली कोनं देल्ली असती?’’

मी चालता चालता थांबले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. तीन ठिकाणी नकार मिळाल्यावर चौथ्या ठिकाणी त्याने वेगळेच आडनाव सांगितले होते. बाबासाहेबांचा फोटो कपड्यांच्या पेटीत तळाशी. रागवावे असे आधी वाटले. पण रागवून काय सांगणार? महिनाभर बसस्टँडवर झोप, असे? मी एवढेच म्हटले, ‘‘अन् ज्यानं लपवलं, त्याची तरी टिकली काय रे?’’ तो काही बोलला नाही.

नाटक लिहिणाऱ्या मुलाने नंतर शहरातला तरुण काढून टाकला. त्याच्या जागी बापाचा जुना पिण्यातला सोबती घातला. त्याची सुटलेली आहे, आणि तो रोज त्याच ओट्यावर बसून चहा पितो, बस्स. बाटली शेवटपर्यंत फुटत नाही. म्हातारीने हे नाटक पास केले.

भाच्याचा महिनाभराने फोन आला. खोलीतल्या सोबत्याला त्याने खरे आडनाव सांगितले होते. तो पोरगा नांदेडकडचा. थोडा वेळ तो गप्प बसला, मग त्यानेही आपले खरे आडनाव सांगितले. दोघे आठ महिने एका खोलीत राहून एकमेकांपासून लपवत होते. घरमालकाला अजून सांगितलेले नाही. पगार झाला की आधी दुसरी खोली बघून ठेवायची आणि मग सांगायचे, असे दोघांचे ठरले आहे.