नाल्याचं पाणी कुणालाच मानवत नाही

सातपुड्यातल्या पोरांना नाल्याचं पाणी मानवतं, त्यांची प्रतिकारशक्ती जन्मजात दणकट, शहरवाल्यांनी मात्र फिल्टर लावून आपली घालवली. नंदुरबारातल्या एका व्यासंगी गृहस्थांचं हे लाडकं मत. सांगून झालं की ते बाटलीतलं पाणी पितात.

‘जन्मजात’ म्हणे! 1960च्या दशकात पूर्व पाकिस्तानात काम करायला आलेल्या तरुण अमेरिकन स्वयंसेवकांची आतडी तपासली गेली. अन्न शोषणारे अंकुर बोथट झाले होते, अस्तर सुजलं होतं. मायदेशी परतल्यावर तीच आतडी सुधारली. वंश तोच होता. पाणी आणि परिसर बदलला. उलट बाजूही पाहा : गरीब वस्त्यांतली बाळं धडधाकट अंकुर घेऊनच जन्मतात, बिघाड पुढे सुरू होतो. जुलाब नसले तरी तो आत चालूच राहतो. घाणीतले जंतू रोज पोटात जातात, रोगप्रतिकारक पेशी सतत चवताळलेल्या राहतात, अस्तर झिरपू लागतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. तोंडावाटे दिलेली लसही अशा पोटात कमी लागू पडते. धडगाव-अक्कलकुवा तालुक्यांतल्या कुपोषणाला भूक, दारिद्र्य, स्थलांतर अशी कारणं आहेतच. त्यांत या छुप्या कारणाची भर पडते. पण गृहस्थांना पोर रडत नाही म्हणजे सोसतंय असं वाटतं. पूर्वी खुजी पोरं पाहून ‘यांची चणच लहान’ म्हणत, तोच हा जुना युक्तिवाद, नवा सदरा घालून आलेला.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा त्यांचा दुसरा मंत्र. पण फॉक्सपी3 जनुक बिघडलेल्या बाळांत ती बेलगाम असते. त्यांना तान्हेपणीच न थांबणारे जुलाब लागतात. हा लगाम धरणाऱ्या नियामक टी-पेशी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी 1995 साली दाखवल्या. 2025चं नोबेल त्याच कामाला मिळालं. प्रतिकारशक्तीची चूर्णं विकणाऱ्यांनी दखल घ्यावी.

बांगलादेश, केनिया, झिंबाब्वेत घरोघरी संडास आणि हात धुण्याची सोय करूनही मुलांची उंची वाढली नाही, असं ते म्हणतील. खरं आहे. अर्धवट स्वच्छता पुरत नाही, एवढंच त्यातून निघतं.

मग करायचं काय? बाळाला पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध. त्यातली प्रतिपिंडं आतड्यात पहारा देतात. पुढे ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी : त्यातल्या तंतूंपासून आतड्यातले जिवाणू ब्युटिरेट बनवतात आणि त्यानं नियामक पेशींना बळ मिळतं. अमृत आहार योजनेत मिळणारं अंडं पोराच्याच पोटात जावं. आणि शुद्ध पाणी. पावसाळ्याआधी पाड्यावरच्या पाण्याचा नमुना जलसुरक्षकानं तपासायला पाठवला का, हे येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा.