सेफ्टी काढून टाका!

मंडळी, या शनिवारी संगणकाला सुट्टी. आज गॅसच्या ओव्हनबद्दल लिहितोय. अर्थात वाचून झाल्यावर तुमच्या लक्षात येईल की विषय तसा आपल्या धंद्यातलाच आहे. :)

आपल्याकडे कुठलीही वस्तू सारखी बंद पडायला लागली की एक सल्ला हमखास मिळतो. फ्यूज उडतोय? जाड तार घाला. एमसीबी पडतोय? मोठा बसवा. ओव्हन विझतोय? सेफ्टी काढून टाका. माझं मत आधीच सांगून टाकतो. ही दुरुस्ती नाही, बिघाड ओरडून सांगणाऱ्याचं तोंड दाबणं आहे. आणि गॅसच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं.

निमित्त झालं मावशीचं. ती लातूरला असते. नानकटाई, खारी, टोस्ट असा तिचा घरगुती धंदा आहे आणि त्यासाठी दोन कप्प्यांचा गॅसवरचा ओव्हन आहे. गेल्या डिसेंबरात तिचा नांदेडला मला फोन आला.

"अरे, ओव्हन पेटतंय चांगलं, अन् अर्ध्या तासानं आपोआप विझायलंय बघ. मिस्त्री म्हणायलेत की सेफ्टी काढली की झालं. काढू का?"

"मावशी, मी येईपर्यंत कशालाच हात लावू देऊ नको. टाकी बंद करून ठेव."

शनिवारी सकाळची एसटी धरली आणि लोहा-अहमदपूरमार्गे लातूर गाठलं.

आता ही सेफ्टी म्हणजे नक्की काय ते आधी बघू. बर्नरच्या शेजारी पेन्सिलीएवढी एक धातूची कांडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगवेगळे धातू जोडून तो जोड तापवला की किंचित वीज तयार होते. झेबेक नावाच्या शास्त्रज्ञानं १८२१ मध्येच हे दाखवून दिलं होतं. ही वीज काही मिलिव्होल्टच असते, पण व्हॉल्व्हमधला छोटा विद्युतचुंबक धरून ठेवायला तेवढी पुरते. ज्योत आहे तोवर कांडी गरम, चुंबक पकडलेला, गॅस चालू. ज्योत गेली की कांडी थंड होते, चुंबक सुटतो आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. बॅटरी नाही, प्रोग्रॅम नाही. इतकं साधं आणि भरवशाचं डिझाइन आमच्या क्षेत्रात क्वचितच बघायला मिळतं.

तुम्ही म्हणाल, घरातल्या शेगडीला बहुतेक वेळा असलं काही नसतं, तिथं कुठं काय होतं? पण शेगडीची ज्योत डोळ्यांसमोर असते. ओव्हनची ज्योत दाराआड असते. ती विझली आणि गॅस चालूच राहिला तर तो आधी त्या पेटीत भरतो. मग कुणीतरी "विझलं वाटतं" म्हणत दार उघडतं आणि लायटर मारतं. पुढचं सांगायला नको.

शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. प्रोपेन साधारण दीडपट, ब्युटेन दुप्पट. तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत साचतो. शिडाच्या बोटीवर स्वयंपाकाला गॅस वापरणारे लोक याची सर्वांत जास्त धास्ती घेतात. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हापासून आपल्यालाही अशा बोटी थोड्याफार माहीत झाल्या. बोटीचं पोट म्हणजे बंद वाडगा. पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेलं, त्यामुळे आत सांडलेला गॅसही बाहेर जात नाही, तळाशी साचून राहतो. म्हणून नीट बांधलेल्या बोटीत टाक्या वेगळ्या बंद कप्प्यात असतात, त्या कप्प्याच्या तळातून समुद्राकडे निचरा काढलेला असतो, आणि स्वयंपाक झाला की टाकीचा व्हॉल्व्हच बंद करायचा असा शिरस्ता असतो.

समुद्र लांब राहिला, पण मराठवाड्याला हे नवं नाही. आपल्याकडे ज्वारी साठवायला पेव असायचं. जुनी माणसं पेवात उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायची. कंदील विझला तर आत वाईट हवा आहे, कुणी उतरायचं नाही. तिथला वायू वेगळा, जळण्याऐवजी विझवणारा, पण तोही जड, तळाशी बसणारा. (एलपीजीच्या गळतीपाशी मात्र कंदील-काडी काहीही नेऊ नका!) कंदील विझला म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. तो विझण्यासाठीच सोडलेला असायचा.

तर परत ओव्हनकडे. पाना हातात घेण्याआधी मावशीला चार प्रश्न विचारले. रोज विझतो का? नाही. नवीन टाकी लावल्यावर? तेव्हा नाही. मग कधी? टाकी संपत आली की. किती वाजता? सकाळी सहाच्या घाण्याला. दुपारी एकदाही नाही.

अर्धा उलगडा इथंच झाला. थर्मोकपल मेलेलं असतं तर नॉब सोडल्याबरोबर ओव्हन विझला असता. त्यानं अर्धा तास धरलं नसतं आणि सकाळ-दुपार असा भेदभावही केला नसता. :)

मग कारण काय? टाकीत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याला उकळून वाफ व्हायला उष्णता लागते. ती तो टाकीच्या पत्र्यातून, म्हणजे पर्यायानं खोलीतल्या हवेतून घेतो. डिसेंबरची पहाट, टाकीत तळाला उरलेला थोडा द्रव आणि दोन्ही कप्प्यांचे बर्नर एकदम चालू. टाकी गार पडत जाते. त्यात प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला, म्हणून प्रोपेन आधी निघून जातं आणि तळाला ब्युटेनचं प्रमाण वाढतं. दाब उतरतो, ज्योत खुजी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी टाकीला हात लावून पाहिला. खालचा भाग बर्फासारखा गार आणि पाण्यानं डवरलेला.

दुसरं कारण बर्नरपाशी सापडलं. दिवाळीच्या साफसफाईत थर्मोकपलच्या पट्टीचा स्क्रू ढिला होऊन कांडी बोटभर बाजूला सरकली होती. ज्योत मोठी असताना तिच्यापर्यंत पोचायची, खुजी झाली की नाही. दोन बारीक दोष, एकेकटे असते तर कदाचित कुणाच्या लक्षातही आले नसते.

म्हणजे सेफ्टीनं गॅस तोडला तेव्हा ज्योत पूर्ण विझलेली नव्हती, हे खरं. पण दार उघडल्यावर वाऱ्याच्या एका झुळकीनं जी जाते, ती हीच खुजी ज्योत. सेफ्टी तक्रार करत होती ती रास्तच होती.

कांडी जागेवर आणून स्क्रू आवळला. गॅस एजन्सीच्या माणसाकडून दोन टाक्या एकत्र जोडून घेतल्या, म्हणजे एकीवरचा भार निम्मा. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं. टाकीवर उकळतं पाणी ओतणं, तिला शेगडीजवळ सरकवणं हे प्रकार अजिबात करायचे नाहीत, हेही मावशीला सांगितलं. नवीन सामान एकही लागलं नाही.

आता मिस्त्रींची बाजू. त्यांना वाईट म्हणण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला ओव्हन आज चालू हवा असतो, ऑर्डर अडलेली असते. निदान करायला लागलेल्या तासाचे पैसे कुणी देत नाही, "काम केल्याचे" देतात. आणि सेफ्टी काढली की ओव्हन खरंच चालतो! महिनोन् महिने काही होत नाही. हीच तर गोम आहे. फुकटात मिळालेल्या त्या महिन्यांना आपण "दुरुस्ती यशस्वी" समजतो.

आमच्या क्षेत्रात याचं एक जुनं आणि कटू उदाहरण आहे. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं मशीन. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीचा डोस अडवणारी स्वतंत्र यांत्रिक आणि विद्युत व्यवस्था होती. नव्यात ती काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस बसला, काही दगावले. नंतर कळलं की तसाच दोष जुन्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येही होता. तिथं फक्त फ्यूज उडायचा आणि रुग्ण वाचायचा. उडणाऱ्या फ्यूजला तेव्हा कुणी नीट विचारलं असतं तर?

तर सांगायचा मुद्दा असा. सेफ्टी कधीच बिघडत नाही असं मी म्हणत नाही. थर्मोकपल झिजतं, जळतं, मग ते बदलावं. पण "ते खराब आहे" हा निष्कर्ष शेवटी यावा. आधी विचारावं, याला काय दिसलं असेल? कधी, कुठल्या वेळी, कशानंतर? आणि बदलायची वेळ आलीच तर जागी नवीन सेफ्टी बसवा, नुसती नळी नको. निदानात गेलेल्या तासाचे पैसे मिस्त्रींना आनंदानं द्या, म्हणजे पुढच्या वेळी तेही घाई करणार नाहीत.

गॅसचा वास आलाच तर विजेच्या बटणांना हात न लावता टाकी बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा. हा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.