पायथा छाटलेले स्तंभ : कापूस, मृत्यू आणि आलेखाची कात्री

१/ इतिहासाच्या चर्चेत हल्ली सनावळ्यांपेक्षा आलेख अधिक फिरतात. त्यात वावगे काही नाही. परंतु उभा अक्ष शून्याऐवजी मध्येच कुठेतरी सुरू करून काढलेला स्तंभालेख हा पुरावा नव्हे, ती दिशाभूल होय. हे मत यवतमाळ जिल्ह्याच्या दोन दुखऱ्या विषयांवर तपासून पाहू.

२/ पहिला विषय कापूस. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला ६,०२५ रुपये होता. २०२५-२६ साठी तो ८,११० रुपये ठरला. वाढ साधारण ३५ टक्के. आता हेच दोन स्तंभ ५,५०० पासून उभे करा. पहिल्याची उंची उरते ५२५, दुसऱ्याची २,६१०. भाव पाचपट झाल्याचा भास होतो, आणि चित्रातला एकही आकडा खोटा नसतो! वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हे चित्र दाखवण्याचे धाडस कोणी करावे?

३/ सत्तेच्या बाजूचेच लोक ही कात्री वापरतात असे मात्र नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार महाराष्ट्रात शेतकरी व शेतमजूर मिळून २०१४ साली ४,००४ आणि २०१५ साली ४,२९१ आत्महत्या झाल्या. वाढ सुमारे ७ टक्के. अक्ष ३,९०० पासून धरला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळजवळ पावणेचारपट होतो. ‘विषय गंभीर आहे, थोडी अतिशयोक्ती चालते’ हा त्यावरचा ठरलेला बचाव. तो मला सर्वांत घातक वाटतो. कारण उद्या कोणी हा आलेख उघडा पाडला की त्याबरोबर ते ४,२९१ मृत्यूही ‘बनाव’ म्हणून निकालात निघतात. शून्यापासून काढले तर दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखेच उंच दिसतात, आणि खरी भीषणता त्या सारखेपणातच आहे.

४/ ‘अक्षावर आकडे छापलेले असतात, ज्याने त्याने ते वाचावेत’ असा दुसरा युक्तिवाद. तो स्तंभालेखाचे मूळच विसरतो. विल्यम प्लेफेअरने १७८६ च्या आपल्या ग्रंथात स्कॉटलंडचा एका वर्षाचा व्यापार पट्ट्यांनी दाखवला. त्याच्याकडे अनेक वर्षांचे आकडे नव्हते, म्हणून त्याने लांबीलाच परिमाण मानले. पट्टीची लांबी हेच तिचे विधान. बूड छाटले की ते विधान खोटे ठरते, शेजारी काहीही छापा. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर पाहणाऱ्यांना ही युक्ती आधी समजावून सांगितली होती. परिणाम कमी झाला, पण नाहीसा झाला नाही.

५/ दहावीच्या सांख्यिकीत आपण अक्षसंकोचाची ती नागमोडी खूण काढत असू, आठवते? आयतालेखात ती आडव्या अक्षावर असे. तिने स्तंभांच्या उंचीला धक्का लागत नसे. उभ्या अक्षावरचा संकोच ही निराळी गोष्ट आहे, आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रांत तर ती खूणसुद्धा सापडत नाही.

६/ मग प्रत्येक आलेख शून्यापासूनच हवा काय? नाही. रेषालेख चढउतार सांगतो, लांबी नव्हे. यवतमाळच्या मे महिन्यातील तापमानाची रेषा शून्य अंशापासून काढली तर ४२ आणि ४६ यांतला जीवघेणा फरक दिसणारच नाही. शिवाय सेल्सिअसचे शून्य म्हणजे ‘उष्णता नाही’ असेही नव्हे. रेषेतही छाटणीने उतार भडक होतो, हे खरे. तिथे अक्ष कुठून धरला हे ठळक सांगावे, एवढीच माझी मागणी आहे.

७/ शून्याच्या भक्तांनाही एक प्रश्न. २०१३ साली देशात ११,७७२ शेतकरी आत्महत्या नोंदल्या गेल्या, २०१४ साली ५,६५०. शून्यापासून स्तंभ काढा : एका वर्षात संकट निम्म्याने ओसरले! प्रत्यक्षात २०१४ पासून वर्गवारी बदलली आणि शेतमजूर हा स्वतंत्र वर्ग झाला. त्या वर्गात ६,७१० आत्महत्या होत्या. हे दोन स्तंभ शेजारी ठेवणेच अयोग्य. २०११ साली छत्तीसगडने शेतकरी आत्महत्यांचा आकडा चक्क शून्य कळवला होता, तोही कोणत्याही अक्षावर व्यवस्थित बसतो.

८/ आडवा अक्षही छाटला जातो, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने खरे तर तिथेच आधी बोट ठेवायला हवे. अमरावती विभागातील महसुली नोंदींवरचे आलेख २००१ पासून सुरू होतात, म्हणून वाचकाला वाटते की संकटही तेव्हाच सुरू झाले. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाची सामूहिक आत्महत्या १९ मार्च १९८६ ची. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात. आलेखात मात्र त्या वर्षाला जागाच नाही.

९/ आणि २००१ नंतरच्या स्तंभांतही ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन रंग असतात. जमीन नावावर आहे काय, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, हे पाहून जिल्हा समिती मदतीचा निर्णय करते. केवळ ‘पात्र’ प्रकरणांचा आलेख कोणी पुढे केला, तर अक्ष कुठून सुरू होतो हे पाहण्याआधी त्याला विचारा : दुसरा रंग कुठे आहे?