सही करण्यापूर्वी

भावाबहिणींत घरावरून वाद झाला की आपल्या बेने इस्रायल समाजात कोणीतरी वडीलधारे म्हणतातच, "कोर्टाची पायरी कशाला चढता? आपल्यातलाच एक लवाद नेमा आणि मिटवून टाका." या सल्ल्यामागचा हेतू चांगला असेल, पण तो डोळे मिटून मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या परिचयाच्या एका बाईंची हकीकत सांगते. आई मृत्युपत्र न करता वारली. तिच्या फ्लॅटसाठी दोन भाऊ व एक बहीण यांनी थोरल्या भावाच्या स्नेह्याला 'बोरेर', म्हणजे लवाद, नेमले. हिब्रू कागदावर बाईंनी न वाचता सही केली. "काकांवर विश्वास नाही का?" असे चारचौघांत विचारल्यावर ती बिचारी काय करणार! निवाडा आला: फ्लॅट भावांचा, बहिणीला लग्नात दिले तेवढे पुरे. इस्रायलचा 1965 चा वारसा कायदा मुलगा व मुलगी यांना सारखाच वाटा देतो. बाई धावत वकिलाकडे गेल्या. त्यांनी कागद पाहून मान हलवली.

असे का? 1968 च्या लवाद कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरवले नसेल तर, लवादावर कोर्टातल्या कायद्याचे वा पुराव्याच्या नियमांचे बंधन नसते. त्याला न्याय्य वाटेल तसा तो निवाडा देतो. कोर्टाने तो कायम केला की कोर्टाच्या निकालाइतकेच त्याचे बळ. निवाडा रद्द करायला कायद्यात दहाच कारणे आहेत, आणि 'लवादाने कायदा चुकीचा लावला' एवढेच कारण एरवी त्यांत बसत नाही. मध्यस्थ समजूत घालतो, त्याचे म्हणणे नाकारता येते. लवाद निकाल देतो. हा फरक आपल्या बायाबापड्यांना कोण सांगणार?

कोणी म्हणतील, कोकणात आपले मुकादम आणि काझी तंटे सोडवीतच होते ना? होते. पण मुकादम साऱ्या जमातीचा असे, एका भावाचा स्नेही नव्हे!

मी नर्स म्हणून उभा जन्म वॉर्डात काढला. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर रोग्याने न समजता सही करू नये, म्हणून आम्ही त्याच्या भाषेत दोनदोनदा समजावीत असू. मग जन्मभराच्या हक्काच्या कागदावर एवढी घाई कशाला?

लवाद नकोच, असे मी म्हणत नाही. कोर्टात वर्षे जातात, पैसा जातो, नाती तुटतात. पण नेमायचा तर कोणत्याही बाजूच्या मिंधेपणात नसलेला माणूस नेमा. निवाडा कायद्याप्रमाणे व कारणांसह द्यावा, असे करारात लिहून घ्या. तसे लिहूनही त्याने केले नाही, तर ते निवाडा रद्द करण्याचे कारण ठरते. 2008 च्या दुरुस्तीपासून दुसऱ्या लवादाकडे अपील करण्याची सोयही करारात ठेवता येते. कागद दोन दिवस घरी आणा, वाचून घ्या, स्वतःच्या वकिलाला दाखवा.

सलाफहादच्या पाच मुली बापाचे वतन मागायला साऱ्या मंडळीदेखत मोशेपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांचे म्हणणे रास्त ठरले. मग आपल्या लेकीबाळींनी सहीपूर्वी नुसता कागद वाचायला मागितला, तर समाजाची अब्रू कशी काय जाते?