शंभरी उलटल्यावर मिळालेला मान

माणूस मेल्यावर त्याचे गुण गाणें ही जगाची जुनी रीत आहे. त्यास कवडीचा खर्च येत नाहीं. परंतु जिवंतपणीं त्याच्या श्रमाचें मोल चुकतें करावयाची वेळ आली म्हणजे मोठमोठ्या राष्ट्रांचीहि मूठ आंवळते. अमेरिकेंतील लॉरेन्स ब्रुक्स या वृद्ध शिपायाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों ती एवढ्याचसाठीं. हा गृहस्थ ५ जानेवारी २०२२ रोजीं ११२ वर्षांचा होऊन वारला. दुसऱ्या महायुद्धांतील जे अमेरिकन शिपाई त्या वेळीं हयात होते, त्यांत सर्वांत वडील तोच मानला जात होता.

ब्रुक्सचा जन्म १२ सप्टेंबर १९०९ रोजीं लुइझियाना प्रांतांत नॉरवूड येथें एका गरीब काळ्या कुटुंबांत झाला. घरांत पंधरा भावंडें. शाळा फार लांब, म्हणून जें काय शिकवितां आलें तें आईबापांनीं घरींच शिकविलें. पुढें तो लाकडें कापण्याच्या गिरणींत राबूं लागला. १९४० सालीं सक्तीच्या भरतींत त्यास फौजेंत जावें लागलें. मुदत भरून १९४१ च्या नोव्हेंबरांत तो मोकळा झाला, तोंच ७ डिसेंबरला जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि ब्रुक्स पुन्हां फौजेंत दाखल झाला.

त्याची ९१ वी इंजिनियर पलटण बहुतेक काळ्या शिपायांची होती. न्यू गिनी व फिलिपाइन्स येथें रानें तोडून रस्ते, पूल व विमानांच्या धांवपट्ट्या बांधणें हें तिचें काम. ब्रुक्सच्या वांट्यास तीन गोऱ्या अंमलदारांची चाकरी आली. त्यांचें जेवण करावें, कपडे धुवावे, बूट पुसावे, मोटार हांकावी! हिटलरच्या वंशाभिमानाविरुद्ध ज्या राष्ट्रानें शस्त्र उचललें, त्याच राष्ट्राच्या फौजेंत काळ्यांच्या पलटणी निराळ्या व गोऱ्यांच्या निराळ्या होत्या. ऑस्ट्रेलियांतील परक्या गोऱ्यांनीं आपणांस जितक्या माणुसकीनें वागविलें तितकें घरच्या गोऱ्यांनीं वागविलें नाहीं, असें ब्रुक्स पुढें सांगत असे.

त्याची आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कांटेरी तारांचीं भेंडोळीं लादलेल्या विमानांतून तो जात असतां इंजिन बिघडलें. विमान हलकें करण्यासाठीं माल बाहेर फेकणें भाग पडलें. तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, हवाई छत्र्या फक्त वैमानिक व त्याचा जोडीदार या दोघांपाशींच आहेत. तो सरळ त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला व म्हणाला कीं, तुम्ही उडी घेतलीत तर मी तुम्हांपैकीं एकाला घट्ट धरीन! विमान सुखरूप उतरलें. म्हातारा ही गोष्ट गमतीनें सांगे. आम्हांस मात्र तींत साऱ्या समाजरचनेचें चित्र दिसतें. ओझें वाहणारे पुष्कळ, छत्र्या दोघांनाच!

युद्ध संपल्यावर काय झालें? परतलेल्या शिपायांस शिक्षण, घर व धंदा यांसाठीं मदत देणारा कायदा १९४४ सालीं झाला होता. कायद्यांत रंगाचा उल्लेख नव्हता. पण कर्ज देणाऱ्या पेढ्या गोऱ्यांच्या हातांत होत्या. मिसिसिपी प्रांतांतील १३ शहरांची १९४७ सालची पाहणी प्रसिद्ध आहे. कर्जें दिलीं ३,२२९. त्यांपैकीं काळ्यांस मिळालीं अवघीं दोन! फौजेंतील वर्णभेद मोडण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रुमन यांनीं २६ जुलै १९४८ रोजीं काढला. शौर्याचें सर्वोच्च पदक तर त्या युद्धांत लढलेल्या एकाहि काळ्या शिपायास १९९७ पर्यंत मिळालें नाहीं. त्या वर्षीं तें सात जणांस दिलें, तेव्हां त्यांतला एकच जिवंत होता.

ब्रुक्स मात्र कपाळाला हात लावून बसला नाहीं. न्यू ऑर्लीन्स शहरांत ओझीं उचलणारें फोर्कलिफ्ट यंत्र चालवून त्यानें पांच मुलें वाढविलीं. २००५ च्या कॅटरिना वादळांत घर गेलें. पंचाण्णव वर्षांच्या त्या म्हाताऱ्यास छपरावरून हेलिकॉप्टरनें उचलून न्यावें लागलें. तरी चर्चची वाट त्यानें सोडली नाहीं. दीर्घायुष्याचें रहस्य विचारणारांस देवाची सेवा व लोकांशीं चांगुलपणा एवढेंच तो सांगे. देवाच्या नांवावर आयतें पोट भरणारे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. आपल्या घामाची भाकरी खाऊन मग देवापुढें हात जोडणारा भक्त विरळा.

शंभरी उलटल्यावर त्याचा उदोउदो झाला. शहरांतील महायुद्ध संग्रहालय त्याचा वाढदिवस थाटानें करूं लागलें. २०२० सालीं सांथीमुळें समारंभ बंद, तर त्याच्या दारासमोरून मिरवणूक गेली व आकाशांतून विमानें उडालीं. हें योग्यच झालें. पण जे साठीसत्तरींतच गेले त्यांचें काय? न्याय मिळण्यासाठीं माणसानें ११२ वर्षें जगावें काय?

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक काळ्या गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. आपल्या शूद्रातिशूद्रांची व त्या गुलामांची जात एकच, हें त्यांनीं तेव्हांच ओळखलें होतें. आमच्याकडे तरी काय घडलें? ज्या महार शिपायांनीं पिढ्यान् पिढ्या फौजेंत रक्त सांडलें त्यांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. १९१७ सालीं गरज लागली तेव्हां १११ वी महार पलटण उभारली, १९२१ त मोडली. १९४१ त पुन्हां गरज लागली, तेव्हां बेळगांवीं महार रेजिमेंट उभी राहिली. गरज सरो नि वैद्य मरो!

वाचकहो, १९६२, १९६५ किंवा १९७१ च्या युद्धांतून परतलेला एखादा म्हातारा तुमच्याहि गांवीं पारावर बसलेला असेल. त्याचें पेन्शन अडलें आहे काय, जमिनीचा कागद कचेरींत पडून आहे काय, हें आजच जाऊन विचारा. हार घालावयास उद्यां पुष्कळ येतील.