गुडघे ठणठणीत आहेत!

परवा माझ्या बँकेतल्या मैत्रिणीचा फोन आला. ती आणि तिचे यजमान मुलाकडे पर्थला निघालेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारते, "अगं, तुम्ही त्या घळी-गुहा बघायला गेला होतात ना, तिथे फॉर्म भरून घेतात म्हणे. त्यात ह्यांच्या बायपासचं लिहायचं का गं? लिहिलं तर नेणार नाहीत."

मी म्हटलं, "थांब, सविस्तर लिहूनच टाकते." तर हे ते सविस्तर. ह्यांची परवानगी घेतली आहे. "लिही, पण माझं वय दोन वर्षांनी कमी लिही," एवढीच अट होती. ती मी मोडणार आहे, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं.

२०१९ चा जुलै. हे ६९ वर्षांचे, मी ६५ ची. लेकीकडे पर्थला दीड महिना झाला होता. नातू शाळेत, लेक-जावई कामावर आणि आम्ही दोघं खिडकीतून समोरच्यांचं गवत बघतोय. ज्यांचे आईवडील असे परदेशी राहून आलेत त्यांना हे चित्र नवं नाही. शेवटी लेकीनेच ब्रूमची विमानाची तिकिटं काढली. तिथून एका दिवसाची सहल होती. पहाटे सहाच्या आत निघायचं, विंडजाना घळ आणि टनेल क्रीकची गुहा बघायची आणि रात्री परत.

हा भाग म्हणजे किंबर्ली, ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला. आकाराने अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा आणि वस्ती पन्नास हजारांच्याही आत. साधारण मे ते ऑक्टोबर कोरडा मोसम, तेवढ्यातच फिरायचं. पावसाळ्यात नद्या रस्ते गिळतात. या मोसमात तिथे पिकल्या केसांचीच गर्दी असते. निवृत्त झाल्यावर कॅराव्हान जोडून महिनोन् महिने देश पालथा घालणाऱ्या या मंडळींना तिकडे 'ग्रे नोमॅड्स' म्हणतात. आमच्या बसमध्येही वीसजण होते आणि केस काळे फक्त ड्रायव्हरबाईंचे! त्याच गाइडही होत्या.

बुकिंगबरोबर तो फॉर्म आला. हृदयाचा त्रास आहे का, गुडघे-कंबर-तोल, कुठली औषधं घेता. २०१६ साली ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. डावा गुडघा तर जिना बघितला की कुरकुरतो. ह्यांनी सगळीकडे 'नाही' लिहिलं आणि वर मला म्हणाले, "गुडघे ठणठणीत आहेत!" मी शेजारीच बसले होते. काही बोलले नाही. माझ्या फॉर्मवर मला अधूनमधून चक्कर येते हेही मी लिहिलं नाही. तेव्हा दोष एकट्या ह्यांचा नाही, हे आधीच सांगते.

प्रवास मात्र सुरेख झाला. डर्बीच्या वाटेवर बोआबची झाडं दिसायला लागली. पोट सुटलेल्या माणसासारखी. आपल्याकडे गोरखचिंच असते ना, तिचीच ही सख्खी बहीण. डर्बी सोडल्यावर काही अंतराने डांबर संपतं आणि लाल माती सुरू होते. मग सपाट माळातून एकदम काळपट करडी भिंत उभी राहते. साडेतीन कोटी नाही हं, पस्तीस कोटी वर्षांहून जुनी समुद्रातली प्रवाळाची रांग आहे ती! तेव्हा तिथे समुद्र होता. लेनर्ड नदीने ती रांग कापून विंडजानाची घळ केली. लांबी तीन किलोमीटरहून जास्त, कडे काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंत. खाली वाळूत मगरी ऊन खात पडलेल्या. गोड्या पाण्यातल्या, मासे खाणाऱ्या. छेडलं नाही तर माणसाच्या वाटेला जात नाहीत. वाट बरीचशी सपाट. हे खूष. "बघ, उगाच घाबरत होतीस."

पुढे वाटेत एका पडक्या पोलीस ठाण्यापाशी बाईंनी जंदामाराची गोष्ट सांगितली. हा मुलूख बुनुबा लोकांचा. गोऱ्या पशुपालकांनी तो घेतला. जंदामारा आधी पोलिसांचाच माग काढणारा होता. १८९४ साली याच ठाण्यात त्याने कॉन्स्टेबलला गोळी घातली, साखळदंडातली आपली माणसं सोडवली आणि पुढे दोन वर्षांहून जास्त काळ पोलिसांना झुलवलं. टनेल क्रीकची गुहा ही त्याची लपायची जागा. १ एप्रिल १८९७ ला तिथेच त्याला मारलं. मला आपले उमाजी नाईक आठवले. आपण ज्याला निर्मनुष्य म्हणतो तो कुणाचं तरी घर असतो, एवढं तेव्हा नीट कळलं. त्याला त्या गुहेतला प्रत्येक दगड माहीत होता. आम्हाला तर पुढचं पाऊलही दिसणार नव्हतं.

टनेल क्रीक म्हणजे डोंगराच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूला निघणारा ओढा. साडेसातशे मीटर. तोंडाशी घरंगळलेले मोठाले गुळगुळीत दगड, त्यांच्या फटीतून आत जायचं. मग विजेरी घेऊन गुडघाभर, कधी त्याहून जास्त थंडगार पाण्यातून चालायचं. आत वटवाघळं.

दगड बघताच आमच्यातल्या एक आजी, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, ड्रायव्हरबाईंना सरळ म्हणाल्या, "माझं खुब्याचं हाड बदललंय, मी इथेच बसते. तुम्हाला किती वेळ लागेल?" बाईंनी घडीची खुर्ची सावलीत मांडून दिली, थर्मास दिला. संपलं! कुणी "अरेरे" म्हटलं नाही की कुणी "चला हो, जमेल" म्हणून आग्रह केला नाही. ह्यांनी मात्र त्यांच्याकडे दयेने बघितलं, ते माझ्या लक्षात आहे.

आत दोनेकशे मीटर गेलो असू. पाण्याखालचा दगड हलला आणि हे मटकन पाण्यात बसले. लागलं नाही फारसं, पण धाप लागली आणि हात छातीवर गेला. जिभेखाली ठेवायची गोळी बसमधल्या पिशवीत! बाईंनी विचारलं, "हार्टचं काही आहे का?" हे म्हणाले, "नो, नो." वीस विजेऱ्या आमच्यावर. मी म्हटलं, "आहे. दोन स्टेंट आहेत." एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती आणि एवढी भीतीही. सगळ्यात जवळचं इस्पितळ शंभर किलोमीटरहून लांब, तेव्हा तिथे मोबाइलला रेंज नाही, बाईंकडचा सॅटेलाइट फोन तेवढा. तोही गुहेत काय कामाचा?

देवदयेने ते निभावलं. धाप थंडीची आणि घाबरल्याची होती, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. पण बाईंना सगळ्यांनाच मागे फिरवावं लागलं, कारण आत कुणाला एकटं सोडता येत नाही. सतराजणांची पलीकडची अर्धी गुहा आमच्यामुळे बुडाली. एकानेही चेहरा वाकडा केला नाही, त्यामुळे तर जास्तच मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर त्या आजींनी आपल्या थर्मासमधला चहा ह्यांना दिला. त्या तीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर ही गुहा पूर्ण चालल्या होत्या. नवरा आता नाही. "या वेळी तोंडापर्यंत यायचं एवढंच ठरवलं होतं, आले," म्हणाल्या. आणि ड्रायव्हरबाई ह्यांना जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. "तुम्ही फॉर्मवर लिहिलं असतं तरी मी तुम्हाला आणलं असतं. पहिल्या वळणापर्यंत हात धरून नेलं असतं आणि गोळी माझ्या खिशात असती."

माझं म्हणणं तेच आहे. तो फॉर्म आपल्याला अडवायला नसतो, आपल्यासाठी तजवीज करायला असतो. कुणी अडवेलही, नाही असं नाही. पण अडवलं तर घळ तरी बघा, मगरी बघा, गोरखचिंचेच्या बहिणीखाली बसा. वय झालं म्हणून घरात बसा असं मी मुळीच म्हणत नाही. उलट जा, जमेल तितकं जा. फक्त वय लपवून जाऊ नका. आपण खोटं बोलतो तेव्हा धोका आपण एकटे पत्करत नाही. आपल्याला उचलायला येणाऱ्यालाही त्यात ओढतो, आणि त्याला विचारतही नाही.

आता थोडं मुलांसाठी. (लेकी, हे तुझ्यासाठीच आहे, रागावू नकोस.) आम्ही खोटं का बोलतो? कारण खरं बोललं की बंदी येते. "गुडघा दुखतो" म्हटलं की "मग नकोच जाऊ बाबा," हे वाक्य तयारच असतं. तुमची काळजी कळते आम्हाला. पण त्याऐवजी "मग कुठपर्यंत जमेल?" असं विचारून बघा. आमची निम्मी खोटी तिथेच संपतील.

आणि जाणाऱ्यांसाठी, मैत्रीण धरून. आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या अंगावर ठेवा, बसमध्ये नाही. पकड असलेले आणि भिजले तरी चालतील असे बूट, डोक्याला बांधायची विजेरी आणि कोरडे कपडे बरोबर असू द्या. निघायच्या आधी रस्ता उघडा आहे का ते बघा. २०२३ च्या जानेवारीत त्याच भागात फिट्झरॉय नदीला विक्रमी पूर आला आणि फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल मोडला. डिसेंबरात नवा झाला म्हणा, पण तो मुलूख साधासुधा नाही.

त्यानंतर आम्ही दोघं पुष्कळ हिंडलो. प्रत्येक फॉर्म आता मी भरते आणि हे शेजारी बसून "स्टेंट दोन, गुडघा डावा" असं सांगतात. अजून तरी आम्हाला कुणी घरी पाठवलेलं नाही. :-)

तुमचे काय अनुभव? जरूर लिहा. आणि मैत्रिणी, बायपासचं लिही गं बाई.