किळस कुणाची, पाय कुणाचा?

आमच्याकडं भांडण हातघाईवर आलं की बाया बोटं मोडून म्हणायच्या, "किडं पडतील तुझ्या अंगात!" यापरता मोठा शाप नव्हता. त्याच बायांचे नवरे बैलाच्या जखमेत किडं पडले की सीताफळाचा पाला ठेचून तिथंच मांडी घालून बसत आणि एकेक अळी वेचून काढत. बैलाची किळस कुणी केली नाही. माणसाच्या जखमेत मात्र अळी दिसली की ते त्याचं पाप. मग तो माणूस जखम फडक्यात दडवतो, वास सुटला तरी बोलत नाही, आणि दवाखान्यात पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

ही समजूत अडाण्यांची, असं शहरातल्या वाचकानं म्हणू नये. शिकलेल्या डॉक्टरांचीही तीच आहे. फक्त तिनं पांढरा कोट घातलाय.

आमच्या आप्पांना साखर होती. अंगठ्याला ठेच लागली, ती चिघळली, काळी पडली. मी एका डॉक्टरांना विचारलं, "परदेशात अळ्या सोडून जखम साफ करतात म्हणे. तसं काही करता येईल का?" ते हसले. "असले गावठी उपाय आता कोण करतं? आणि पेशंट तयार तरी होईल का?" पेशंट तिथंच खाटेवर होता. त्याला कुणी विचारलंच नाही. पुढं अंगठा काढावा लागला. अळ्यांनी तो वाचलाच असता, असा माझा दावा नाही. माझं भांडण त्या न विचारण्याशी आहे.

आणि गावठी कशाला म्हणायचं? 1917 साली, पहिल्या महायुद्धात, विल्यम बेअर या अमेरिकन सर्जननं सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले दोन सैनिक पाहिले. जखमा अळ्यांनी वळवळत होत्या. धुतल्यावर खाली नवं, गुलाबी मांस निघालं. पुढं बाल्टिमोरला त्यानं हाडात पू झालेल्या पोरांवर हाच उपाय केला. काहींना धनुर्वात झाला, तेव्हा त्यानं निर्जंतुक अळ्या वाढवायची रीत बसवली. मग प्रतिजैविकं आली आणि अळ्या मागं पडल्या. 2004 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यांना रीतसर परवानगी दिली.

ही अळी हिरव्या चकचकीत माशीच्या एका जातीची. ती पाचक रस सोडून मेलेलं मांस पातळ करते आणि पिऊन टाकते. दोन-चार दिवसांत ती काढून टाकतात. गोठ्यातली गोष्ट निराळी. बैलाला पोखरणाऱ्या माशीची अळी जितं मांस खाते. तेव्हा हे वाचून कुणी घरी जखम उघडी ठेवून माश्या बसवू नयेत. तो उपचार नव्हे, आत्मघात.

उणी बाजूही सांगतो. ब्रिटनमध्ये पायाच्या जुनाट जखमा असलेल्या 267 रुग्णांवर झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. अळ्यांनी जखम लवकर साफ झाली, पण भरून यायला वेळ तेवढाच लागला, आणि दुखलं जास्त. मग हे असंच रुग्णापुढं ठेवावं की! "बाबा, दुखंल, शिसारी येईल, भरेलच असं नाही. पण सडलेलं लवकर निघंल." एवढी चार वाक्यं खेड्यातल्या माणसाला कळतात. जन्मभर शेणामातीत हात घातलेला माणूस अळी बघून पळेल, हे परस्पर ठरवणारे तुम्ही कोण?

डॉक्टरसाहेब, ही जखम या उपायाजोगी नाही म्हणा, आम्ही मान खाली घालून ऐकू. अळ्या मिळत नाहीत म्हणा, तेही समजू. पण नकार किळसेपायीच द्यायचा असेल, तर तो ज्याचा पाय आहे त्याला देऊ द्या.